चौकशी भिंतीची करा, स्टिकरची नंतर

पत्र: आम्ही भाड्याच्या घरात राहतो. घरमालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भिंतीला खिळा ठोकायचा नाही." तेव्हापासून भिंती कोऱ्याच आहेत. मध्यंतरी हौसेनं वॉल स्टिकर आणले. 'भिंतीला इजा न होता निघतात' असं पाकिटावर ठळक छापलं होतं. मुलाच्या खोलीला घरमालकांनी नवा रंग दिला, त्याच आठवड्यात तिथे ग्रह-तारे लावले. ते पंधरा दिवसांत एकेक करून गळून पडले. हॉलमध्ये फुलांची वेल लावली होती. ती वाकडी वाटायला लागली म्हणून काढायला गेले, तर तिच्याबरोबर रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा निघाला. एकाच कंपनीचे स्टिकर, एकच घर! आता हॉलसाठी एक मोठं झाड आणून ठेवलंय, जवळजवळ माणसाच्या उंचीचं, फांद्यांवर पक्षी असलेलं. नवरा म्हणतो, परत कर. सासूबाई म्हणतात, हॉलची बालवाडी करू नकोस. सहा वर्षांचा मुलगा म्हणतो, झाड नको, डायनोसॉर हवेत. मी काय करू?
— कोऱ्या भिंतींना कंटाळलेली

उत्तर:

झाड परत करू नका. मात्र पाकीट इतक्यात फोडूही नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही उद्गारचिन्ह टाकून सोडून दिली आहे. एकाच कंपनीचे स्टिकर, एकच घर. एक आपणहून गळला, दुसरा रंग उपटून घेऊन आला. स्टिकर वाईट असते तर दोन्हीकडे सारखेच वागले असते. ते दोन तऱ्हांनी वागले, कारण तुमच्या दोन खोल्यांच्या भिंती दोन तऱ्हेच्या आहेत. एवढं नवऱ्याला वाचून दाखवा, 'परत कर'ची धार जरा कमी होईल.

भिंतीवर स्टिकर बसला की तिथे थरावर थर तयार होतात. सगळ्यात वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, त्याखाली गोंद, मग रंग, मग प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर, भिंत सपाट करणारी पुट्टी आणि शेवटी प्लास्टर. तुम्ही ओढता तेव्हा या उतरंडीतला जो जोड सगळ्यात कच्चा, तो आधी सुटतो. गोंद आणि रंग यांच्यातला जोड सगळ्यात कच्चा असेल तर स्टिकर सफाईनं निघतो. तो अतिच कच्चा असेल तर ओढावंही लागत नाही, ग्रह-तारे आपोआप जमिनीवर येतात. आणि रंग व पुट्टी यांच्यातला जोड त्याहूनही कच्चा निघाला, तर स्टिकर रंगाला घट्ट धरून ठेवतो आणि दोघं मिळून भिंत सोडतात. पाकिटावर मजकूर छापणाऱ्याच्या ताब्यात यातला फक्त गोंद असतो. तुमच्या हॉलला रंग कुणी दिला, त्याआधी भिंत घासली की नाही, प्रायमर मारला की वाचवला, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

दुखणं तसं शंभर वर्षांचं आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत गाड्या दोन रंगांत रंगवायची टूम निघाली होती. एक रंग देताना दुसरा झाकून ठेवायला रंगारी कागद आणि चिकटपट्ट्या लावत, आणि त्या काढताना ताजा रंगही बरोबर येई. थ्रीएम कंपनीतला रिचर्ड ड्रू हा तरुण सँडपेपरचे नमुने घेऊन अशा कारखान्यांत जायचा. रंगाऱ्यांची चिडचिड त्यानं तिथे ऐकली आणि १९२५ साली मास्किंग टेप, म्हणजे सहज निघणारी कागदी चिकटपट्टी, तयार केली. पुढे १९६८ मध्ये त्याच कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर जोरदार गोंद शोधत होते आणि हाती लागला भलताच दुबळा गोंद. त्याचं काय करायचं हे बरीच वर्षं कुणाला सुचेना. शेवटी १९८० मध्ये त्यातून लावा-काढा अशा पिवळ्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या. निघणाऱ्या स्टिकरपुढचा प्रश्नही तोच आहे: गोंद नेमका किती दुबळा ठेवायचा? आणि त्याचं उत्तर दर भिंतीला वेगळं येतं.

मुलाच्या खोलीचं कोडं सोपं आहे. ताजा रंग हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला पाण्यात मिसळणाऱ्या रंगालाही तीन-चार आठवडे लागतात. तोवर त्यातून ओल आणि वाफ बाहेर पडत राहते. वर प्लास्टिकचं झाकण घातलं की ती वाफ त्याच्याखाली कोंडते, फुगे येतात, कडा उचलल्या जातात आणि गोंदाला धरायला जागाच उरत नाही. तुमचे ग्रह त्याच आठवड्यात लागले होते, म्हणजे ते गळणारच होते. आता त्या रंगाला बराच काळ लोटलाय, तेव्हा तिथे पुन्हा करून बघायला हरकत नाही. फक्त एक तपासणी करा. भिंतीवर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडा. थेंब मण्यासारखे गोल राहून सरकन खाली घरंगळले, तर तो डाग न धरणाऱ्या, धुता येणाऱ्या जातीचा रंग असावा. मुलांच्या खोलीला असा रंग देणं शहाणपणाचंच, पण ज्या रंगावर तेलकट बोटं टिकत नाहीत त्यावर गोंदही टिकत नाही. तसं असेल तर तिथली भिंत सोडून द्या. डायनोसॉरांची सोय दुसरीकडे करू, ती पुढे सांगते.

हॉल मात्र जपून हाताळायचा आहे. तळहाताएवढा पापुद्रा निघाला म्हणजे रंगाखाली काहीतरी सैल आहे. बहुतेक वेळा जुन्या डिस्टेंपरवर किंवा चुन्यावर, तो न खरवडता आणि प्रायमर न लावता, वरून नवा रंग फिरवलेला असतो. नाहीतर भिंतीत ओल असते. निघालेला पापुद्रा टाकून दिला नसेल तर तो उलटा करून बघा. पाठीला पांढरी भुकटी लागलेली असेल तर खालचा थर भुसभुशीत आहे असं समजा. पापुद्रा टाकून दिला असेल तर उघड्या पडलेल्या जागेवर बोट घासा, भुकटी तिथेही कळेल. तिथला भाग गार आणि दमट लागत असेल, रंगावर पिवळट डाग किंवा मिठासारखे कण आले असतील, तर ओल आहे. त्या भिंतीला स्टिकर लावू नका आणि घरमालकांना आजच कळवा. तो दोष तुमच्या वेलीच्या खाती पडण्याआधी कळवलेला बरा.

पण एक भिंत अशी निघाली म्हणून हॉलच्या चारही भिंती तशाच असतील असं नाही. मधली भिंत आणि बाहेरच्या बाजूची भिंत यांत पुष्कळदा फरक असतो; बाहेरची पाऊस-ऊन खाते, गार पडते, ओल धरते. म्हणून प्रत्येक भिंतीची वेगळी परीक्षा घ्या. मास्किंग टेपचा बोटभर तुकडा सोफ्याच्या मागे किंवा दाराआड, जिथे खपली निघाली तरी दिसणार नाही अशा ठिकाणी, अंगठ्यानं दाबून चिकटवा. लगेच काढू नका. गोंद एका झटक्यात धरत नाही. तो रंगाच्या बारीक खाचाखोचांत हळूहळू पसरतो आणि पहिले दोन-तीन दिवस त्याची पकड वाढत राहते. दुकानात किंवा घरी पाच मिनिटं लावून 'निघतो की छान' म्हणणारे इथेच फसतात. तीन दिवसांनी तुकडा काढा आणि त्याची चिकट बाजू उजेडात धरून बघा. स्वच्छ असेल तर भिंत पास. भुकटी किंवा रंगाचे कण दिसले तर नापास. तुकडा आपणहून लोंबला असेल तर रंग चिकटू देत नाही. पास झालेल्या भिंतीवर मग त्या झाडाचंच एखादं सुटं पान लावून आठवडाभर ठेवा. टेपचा गोंद आणि स्टिकरचा गोंद सारखा नसतो. रंगकामाच्या धंद्यात यापेक्षा कडक चाचणी करतात. रंगावर पात्यानं उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी पाडतात, वर टेप लावून ओढतात आणि किती चौकटी उडाल्या ते मोजतात. घरमालकांच्या भिंतीवर ती करू नका, हे वेगळं सांगायला नको.

घर फार जुनं असेल आणि खाली कैक वर्षांपूर्वीचे रंगाचे थर असतील, तर आणखी एक काळजी. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. अशा भिंतीचे पोपडे सुटणं लहान मुलाच्या घरात चांगलं नाही. तिथे चिकटवा-ओढाचा खेळच नको.

आता सासूबाईंचं म्हणणं. मी त्यांच्या बाजूनं आहे, निम्मी. भिंत बालवाडीसारखी दिसते ती झाडामुळे किंवा पक्ष्यांमुळे नाही. एकाच पाकिटातल्या सगळ्या वस्तू सगळ्या भिंतभर सारख्या अंतरावर पेरल्या की तसं होतं. शिवाय चकाकी. चकचकीत प्लास्टिकवर दिव्याचा उजेड परावर्तित होतो, पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दिसतो आणि लांबूनही ओळखू येतं की काहीतरी चिकटवलंय. मॅट फिनिशचा, आकाराच्या कडेला काटेकोर कापलेला एकरंगी स्टिकर चार पावलांवरून रंगवल्यासारखा दिसतो. चित्राभोवती पारदर्शक कड असलेला छापील स्टिकर मात्र दिव्याखाली आपली कड चमकवतोच. तुमच्या झाडाला तशी कड आहे का, पाकिटावरच्या फोटोत नव्हे तर प्रत्यक्ष कागदावर तिरकं धरून बघा. असली तर खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर ते लावू नका. तिथे उजेड भिंतीला घासून तिरका येतो आणि सगळ्या कडा उठून दिसतात.

हॉलमध्ये सुविचार चिकटवण्याच्या फंदात पडू नका, एवढं न विचारता सांगते. चित्र रोज बघता येतं. तेच वाक्य रोज वाचावं लागलं की महिन्याभरात ते वाक्यही नकोसं होतं आणि ती भिंतही.

झाड कुठे लावावं याचं उत्तर मोजपट्टीपेक्षा जुनी वर्तमानपत्रं चांगलं देतात. झाडाचा साधारण आकार कागदात कापा, भिंतीवर टेपनं अडकवा आणि दोन दिवस राहू द्या. दारातून आत येताना बघा, सोफ्यावर बसून बघा, रात्री दिवा लावून बघा. चित्रं टांगताना मध्यबिंदू जमिनीपासून दीडेक मीटरच्या आसपास, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीला, ठेवायची पद्धत आहे. झाडाला ती तशीच लागू होत नाही, कारण झाडाला जमीन हवी. त्याचा बुंधा भिंतीच्या तळच्या पट्टीवरून किंवा सोफ्याच्या पाठीमागून वर आला पाहिजे. मध्येच अधांतरी सुरू झाला की तो चिकटवल्यासारखा दिसतो. बुंधा भिंतीच्या मधोमध नको, एका बाजूला घ्या आणि फांद्या रिकाम्या बाजूला झुकू द्या. पाकिटात वीस पक्षी असले तर चार लावा. उरलेले ठेवून द्या. पुढे एखादी कड फाटली तर तिथे पक्षी बसवता येतो. निम्मी भिंत मोकळी राहिली की सासूबाईंना बालवाडी आठवणार नाही.

वेल वाकडी का वाटली, तेही सांगून टाकते, नाहीतर झाडाच्या वेळी पुन्हा तेच होईल. बहुधा वेल सरळच असेल आणि छत किंवा दाराची चौकट वाकडी असेल. घरातल्या कडा क्वचितच काटकोनात असतात. वेल, पट्टा, ओळीनं बसवलेली नक्षी अशी लांबट गोष्ट तिच्या सगळ्यात जवळच्या कडेशी जुळवावी लागते, मग ओळंब्यात ती थोडी चुकली तरी चालेल. झाड त्या मानानं मोठ्या मनाचं आहे, त्याचा बुंधा थोडा कलला तर कुणी बोट दाखवत नाही.

लावण्याच्या आदल्या दिवशी भिंत ओलसर फडक्यानं पुसा आणि रात्रभर वाळू द्या. फर्निचर चकाकवायचा फवारा त्या भिंतीच्या आसपास मारू नका. त्यातलं सिलिकॉन बसलं की गोंद धरत नाही. भिंत फार गार असेल अशा वेळीही हे काम नको, गारठ्यात गोंद ताठरतो आणि पसरत नाही.

कापीव झाड बहुधा तीन थरांत येतं: मागे गुळगुळीत कागद, मध्ये स्टिकर, वर अर्धपारदर्शक ट्रान्सफर शीट. उघडल्यावर आधी वरच्या शीटवरून प्लास्टिकचं कार्ड घासून घ्या, म्हणजे पानांची टोकं तिला नीट धरतात. मग तीनही थर तसेच ठेवून बुंध्याचा तुकडा भिंतीवर जागेवर धरा आणि वरच्या कडेला मास्किंग टेपची आडवी पट्टी लावा. आता तो तुकडा बिजागरीवरच्या झडपेसारखा वर-खाली होतो, जागा हलत नाही. झडप वर करा आणि मागचा कागद वरच्या टोकाकडून सोलायला लागा. इथे घाई होते. स्टिकर कागदापासून ओढू नका. कागद मागे पूर्ण दुमडून, सपाट, हळूहळू खाली न्या. एखाद्या पानाचं टोक कागदालाच चिकटून राहिलं तर थांबा, कागद परत वर आणा, त्या टोकावर पुढून नखानं घासा, पुन्हा सोला. हातभर कागद सुटला की तो कापून टाका आणि तेवढा भाग भिंतीवर टेका. मधून बाहेरच्या दिशेनं, मऊ फडक्यात गुंडाळलेल्या कार्डानं दाबत जा. मग पुढचा हातभर. खालचं टोक हवेत धरायला दुसरं माणूस लागतंच, आणि 'परत कर' म्हणणाऱ्याला कामाला लावायची ही चांगली संधी आहे. सगळं बसलं की ट्रान्सफर शीटही तशीच, भिंतीला समांतर दुमडून, सावकाश काढा. तिच्याबरोबर एखादी काडी उचलली गेली तर शीट पुन्हा टेकवा आणि घासा.

बारीक फुगे राहिले तर घाबरू नका, पुष्कळसे काही दिवसांत बसतात. मोठा राहिला तर कडेला सुईचं टोक टोचून हवा दाबून काढा. दुसऱ्या दिवशी सगळ्या कडांवरून पुन्हा एकदा बोट फिरवा. पकड तेव्हा वाढत असते, तिला हातभार लावा.

तुमच्याकडचा स्टिकर विनाइलचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, असावा. पुढच्या वेळी घेताना विणलेल्या पॉलिस्टर कापडाचे बघा. ते जाड असतात, ताणले जात नाहीत, स्वतःलाच चिकटून गुंता होत नाही आणि चुकले तर उचलून पुन्हा लावता येतात. नवख्या हाताला तेच बरे. कुणाकडून नाव किंवा नक्षी कापून घेणार असाल तर कोणतं विनाइल वापरणार ते आधी विचारा. ओराफोल या जर्मन कंपनीचं ओराकल ६३१ हे मॅट आणि निघणाऱ्या गोंदाचं आहे, भिंतीसाठी पुष्कळदा तेच वापरतात. त्यांच्याच ६५१चा गोंद कायमचा आहे. नुसतं रीळ बघून नवख्याला गोंदातला फरक कळणार नाही. भिंतीला मात्र कळेल.

काढण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण भाड्याच्या घरात खरी परीक्षा तिथेच असते आणि पाकिटावर त्याबद्दल एक ओळ असते. वेल तुम्ही कशी काढलीत ते लिहिलं नाही, पण बहुतेक जण एक टोक धरतात आणि स्वतःकडे ओढतात. असं सरळ बाहेर ओढलं की सगळा जोर रंगाला भिंतीपासून उचकटण्यात जातो. त्याऐवजी सुटलेलं टोक पूर्ण मागे दुमडा, इतकं की ते उरलेल्या स्टिकरच्या पाठीवर जवळजवळ टेकेल, आणि भिंतीला समांतर ओढा. जोर निम्म्यावर येतो. दुसरी गोष्ट वेग. हा गोंद चिवट द्रवासारखा असतो. हळू ओढलं तर सैल होत जातो, झटका दिला तर ताठ होऊन रंगाला धरून ठेवतो. म्हणून दर सेकंदाला बोटाच्या पेराएवढं, त्याहून जास्त नाही. तिसरी गोष्ट ऊब. हेअर ड्रायर मध्यम गरम करून, वीतभर लांब धरून, टोकापाशी हलवत राहा. भिंत हाताला कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. फार तापवलं तर विनाइल ताणून फाटतं, गोंद भिंतीवरच राहतो आणि रंगही मऊ पडतो. ओढताना रंग उचलला जातोय असं दिसलं तर तिथेच थांबा, दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा, आणि अडलेला भाग शेवटी धारदार कटरनं कडेला कापून सोडवा.

मागे चिकटपणा राहिला तर आधी बोटानं चोळून त्याच्या गोळ्या होतात का बघा. किंवा टेपचा तुकडा वारंवार टेकवून उचला. मग कोमट पाणी आणि साबणाचा थेंब. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावू नका, ते गोंदाबरोबर रंगही विरघळवतात. तेल लावून गोंद निघतो खरा, पण मॅट रंगावर तेलाचा डाग गोंदापेक्षा हट्टी असतो.

आणि स्टिकर वर्षानुवर्षं विसरू नका. प्लास्टिक मऊ ठेवणारे घटक काळानुसार त्यातून निघून जातात, उन्हात तर लवकरच. मग ते कडक होतं आणि काढताना सलग न निघता नखाएवढ्या तुकड्यांत तुटतं. शिवाय उजेडानं भोवतालचा रंग फिकटतो, धूळ बसते, आणि स्टिकरखालची भिंत मात्र नवी राहते. काढल्यावर तिथे झाडाची छाया उरते, ती धुऊन जात नाही. त्यामुळे थेट ऊन येणारी भिंत टाळा आणि घर सोडायचं असो वा नसो, दीड-दोन वर्षांनी काढायचं असं धरूनच लावा. तोवर त्या चित्राचा कंटाळाही आलेला असतो.

निघालेल्या पापुद्र्याची जागा तशीच सोडू नका. कडेचा सैल रंग खरवडा, बारीक सँडपेपरनं कडा उतरत्या करा, पुट्टीचा पातळ हात, वाळल्यावर पुन्हा सँडपेपर, मग प्रायमर आणि रंग. जुन्या रंगात नवा ठिगळासारखा दिसतो, म्हणून रंगाचा शेवटचा हात शक्यतो त्या भिंतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्यावा लागतो. हे करण्याआधी घरमालकांशी बोला, लपवू नका. त्यांनी बंदी खिळ्याला घातली आहे, स्टिकरला नाही, पण पापुद्रा निघाल्यावर हा युक्तिवाद टिकणार नाही. आधी विचारा, भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर मागून घ्या.

राहिले डायनोसॉर. मुलाची भिंत पाण्याच्या परीक्षेत पास झाली तर ते तिथे लावा, पण त्याच्या उंचीला. सहा वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण मीटरभरावर असते. आपण त्याची खोली सजवताना सगळं आपल्या डोळ्यांसमोर लावतो. फरशीलगत ओळीनं चालत जाणारे डायनोसॉर त्याला पलंगावरूनही दिसतील. कुठला कुठे जाईल ते त्यालाच ठरवू द्या, रांग वाकडी झाली तरी. फक्त प्लगच्या जागेवर काही चिकटवायचं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

भिंत नापास झाली तर कपाट आहे. भाड्याच्या घरात स्टिकरसाठी सगळ्यात निर्धास्त जागा भिंती नसतातच. लॅमिनेटचं कपाट, फ्रिजचं दार, खिडकीची काच, चकचकीत टाइल यांवर गोंद बसतोही नीट आणि निघतोही नीट, कारण खाली सुटायला रंगच नसतो. काचेसाठी तर बिनगोंदाचे, नुसत्या ओढीनं चिकटणारे स्टिकर मिळतात. हॉलच्या सगळ्या भिंती टेपच्या परीक्षेत नापास झाल्या तर तुमचं झाडही एखाद्या मोठ्या कपाटाच्या दारांवर जाऊ शकेल. तसं केलंत तर दोन दारांच्या फटीवरून स्टिकर सलग बसवा, आणि दारं पहिल्यांदा उघडण्याआधी फटीच्या मधोमध कटर फिरवून तो कापा. कापलेल्या दोन्ही कडा दाराच्या जाडीवर आत वळवून दाबा. नाहीतर दार उघडताना बुंधा उभा फाटेल.